गाणें हा अभ्यासाचा शत्रु आहे काय?

संमेलनाचे दिवस जवळ आले, कीं घरोघरीं एक वाक्य हटकून ऐकूं येतें : “गाणेंबजावणें पुरे, अभ्यास कोण करणार?” यंदा आमच्या वर्गांतील एका सुरेल मित्रास याच वाक्यानें रंगभूमीपासून दूर ठेविलें. म्हणून या प्रश्नाचा शांतपणें विचार करणें अगत्याचें वाटतें.

झांजीबार येथें १९४६ सालीं एका पारशी कुटुंबांत जन्मलेला फारुख बलसारा लहानपणींच पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहांत आला. तेथें तो पियानो शिकला व १९५८ सालीं सोबत्यांसह त्यानें ‘हेक्टिक्स’ नांवाचा वाद्यवृंद काढला. मौज अशी, कीं त्यांत तो पियानोवर बसे. मुख्य गायक दुसराच असे! १९६४ च्या राज्यक्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडांत गेलें. तेथें त्यानें चित्रकलेची पदविका मिळविली, आणि १९७० सालीं ‘क्वीन’ हा वाद्यवृंद निघाला. त्याचें बोधचिन्हही त्यानेंच रेखाटलें. फ्रेडी मर्क्युरी तो हाच. त्यानें रचिलेलें ‘बोहेमियन रॅप्सोडी’ हें जवळजवळ सहा मिनिटांचें गीत फार लांब म्हणून चालणार नाहीं, अशी जाणत्यांस भीति होती; परंतु १९७५ सालीं तें ब्रिटनमध्यें सलग नऊ आठवडे अग्रस्थानीं राहिलें.

कोणी म्हणेल, “असा लाखांत एखादाच!” हें आम्हांस मान्य आहे. तथापि त्याचे सोबती पाहा. जॉन डीकन यानें विद्युत्-शास्त्राची पदवी घेतली. ब्रायन मे यानें अर्धवट ठेविलेला खगोलशास्त्राचा प्रबंध २००७ सालीं पुरा करून डॉक्टरेट मिळविली. गाण्यानें विद्या गिळली नाहीं. फार तर थोडी थांबविली.

“गाणें मग मोठेपणीं शीक,” असेंही वडील मंडळी म्हणतात. पण हाताला वळण बाळपणींच लागतें, आणि आयुष्याचा भरंवसा कोणी द्यावा? १९९१ सालीं एड्सच्या विकारानें फ्रेडी गेला, तेव्हां तो अवघा पंचेचाळीस वर्षांचा होता.

पांचगणीच्या शाळेनें त्याला प्रतिभा दिली नाहीं; ती कोणतीच शाळा देऊं शकत नाहीं. तिनें एक पियानो दिला आणि त्यापुढें बसण्यास वेळ दिला. पालकांपाशीं आमचें मागणें याहून अधिक नाहीं. अभ्यासांत कसूर झाल्यास अवश्य रागवावें. परंतु पेटीला कुलूप घालूं नये.