डाव्या दंडावरची लस

आरोग्य सेविका म्हणून एकतीस वर्षं मी बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, टोचली. डावा दंड, वरची बाजू. सुई जवळजवळ आडवी धरायची आणि औषध कातडीच्या थरातच सोडायचं. नीट गेलं की तिथे मसुराएवढा पांढरट फुगवटा येतो, संत्र्याच्या सालीसारखा खड्डेखड्डे असलेला. फुगवटा आला नाही तर समजायचं, सुई खोल गेली. अशा बाळाची आई पुढे कधीतरी दंडावर गळू किंवा काखेत गाठ दाखवायला यायची. लस तीच, मात्रा तीच. केसभर जागा चुकली एवढंच.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं जागेवरच येणार आहे.

मी निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी आमच्या मास्तरांच्या लघवीतून रक्त गेलं. दुखणं काही नाही. दोघांनीही ठरवलं, उन्हाळी लागली असेल. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, बार्ली असं सगळं झालं. रक्त थांबलं आणि आम्ही विसरलो. दोन महिन्यांनी पुन्हा गेलं, तेव्हा सोनोग्राफी केली. मूत्राशयात गाठ. चाळीस वर्षांच्या विडीची वसुली. बाहेर लोकांना शिकवणाऱ्या नर्सबाईला घरात एवढंही कळू नये, याची लाज अजून वाटते. न दुखता लघवीतून रक्त जाणं, हीच मूत्राशयाच्या कर्करोगाची नेहमीची पहिली खूण.

दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली. मग डॉक्टर म्हणाले, आता दर आठवड्याला एक, असे बीसीजीचे सहा डोस मूत्राशयात सोडायचे. मला वाटलं, माझी थट्टा चाललीय. तिथली तरुण सिस्टर मला समजावू लागली, "काकू, ही जिवंत लस असते बरं का, हात नका लावू." मी मान डोलावली. बाटली पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची होती, लहान बाळांच्या लशीची थोरली बहीण. मात्रा मात्र बाळाच्या शेकडो पट.

नळीवाटे औषध आत गेलं की दोन तास लघवी दाबून धरायची. नंतर सहा तास, प्रत्येक वेळी मी भांड्यात ब्लीच ओतायची. संध्याकाळी मास्तरांना हुडहुडी भरायची, जळजळ व्हायची. मला मात्र त्या तापानं बरं वाटायचं. दंडावरची बीसीजी पिकली की घाबरलेल्या आयांना मी सांगत असे, पिकू दे गं, आत काम चाललंय. आता तेच मास्तरांना सांगितलं.

सहाच डोस का, हे मी डॉक्टरांना विचारलं, मग स्वतः वाचलं. कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये अल्वारो मोरालेस नावाचे मूत्रविकारतज्ज्ञ होते. त्यांनी १९७६ मध्ये नऊ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांना मिळणारी माँट्रियलची बीसीजी सहा-सहा बाटल्यांच्या खोक्यात यायची, आणि एका डोसचा त्रास आठवड्याच्या आत ओसरायचा. म्हणून आठवड्याला एक, असे सहा. खोक्यातल्या बाटल्यांचा हिशेब जगभराचा नियम झाला! त्याच संशोधनासाठी त्यांनी अनुदान मागितलं, तेव्हा ही कल्पना अश्मयुगातली आहे असं म्हणून ते नाकारलं गेलं होतं. १९९० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी या उपचाराला मान्यता दिली.

नाकारणाऱ्यांनाही अगदीच दोष देता येत नाही. क्षय आणि कर्करोगाचं नातं शोधणाऱ्यांनी आधी बऱ्याच ठेचा खाल्ल्या होत्या. १९२९ मध्ये बाल्टिमोरच्या रेमंड पर्ल यांनी शवविच्छेदनाच्या नोंदी चाळून अनुमान काढलं, की क्षयरोग्यांत कर्करोग कमी आढळतो. इतरांनी हृदयविकारानं गेलेल्यांशी तुलना केली, तर तो फरक उरला नाही. तुलनेचं माप वाकडं होतं. आज तर आपल्याला माहीत आहे, की जुना क्षय होऊन गेलेल्या फुप्फुसात कर्करोगाचा धोका वाढतो. पुढे न्यूयॉर्कच्या लॉइड ओल्ड यांनी १९५९ मध्ये दाखवलं, की बीसीजी दिलेले उंदीर गाठींचा जास्त प्रतिकार करतात. मग उत्साहाच्या भरात ती नाना कर्करोगांवर वापरली गेली आणि बहुतेक ठिकाणी निराशा झाली.

मोरालेसना मूत्राशयात यश का आलं? जागेमुळे. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून अटी कळल्या होत्या: जंतू गाठीला प्रत्यक्ष भिडले पाहिजेत, पुरेसे असले पाहिजेत आणि गाठ थोडीच उरलेली असली पाहिजे. मूत्राशय म्हणजे बंद पिशवी. औषध तिथेच कोंडून ठेवता येतं, आणि गाठ आधीच खरवडलेली असते. शिवाय गिनीपिगच्या मूत्राशयात कातडीइतकीच तीव्र प्रतिक्रिया उठते, हेही आधी कुणीतरी तपासून ठेवलं होतं. जंतू अस्तराला चिकटतात, शरीर त्यांच्यावर धावून येतं आणि त्या गडबडीत शेजारी लपून बसलेल्या कर्करोगाच्या पेशीही सापडतात.

आता मुद्द्यावर येते. आमच्या गावच्या मेडिकलच्या काचेत 'इम्युनिटी' छापलेल्या डझनभर बाटल्या आहेत. करोनात तर शेजारच्या वहिनी मला म्हणाल्या, "ताई, ती बीसीजी आम्हालाही टोचून टाका की." मी नाही म्हटलं. पुढे ऑस्ट्रेलियातून सुरू झालेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या मोठ्या चाचणीत बीसीजीनं करोनापासून बचाव केला नाही, असंच दिसलं.

प्रतिकारशक्ती म्हणजे काय टाकीतलं पाणी आहे, की पातळी वाढवली आणि झालं? ओल्ड यांच्या प्रयोगशाळेनं १९७५ मध्ये गाठींना मारणारा एक घटक शोधला, टीएनएफ. संधिवातात हाच घटक अतिरेक करतो, म्हणून पुढे त्याला आवरणारी औषधं आली. सांधे सुधारले, पण काही रुग्णांत वर्षानुवर्षं झोपलेला क्षय जागा झाला. म्हणून आता आधी क्षयाची तपासणी करतात. यावरून वाटेल, आवरलं म्हणून बिघडलं, तर सैल सोडलं की सुधारेल. पण जेम्स अॅलिसन आणि तासुकु होंजो यांना ज्या शोधासाठी २०१८ चं नोबेल मिळालं, त्यातून आलेली औषधं प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढतात, कर्करोगावर मोठं काम करतात, आणि तरीही काही रुग्णांत क्षय उफाळून आलेला आहे. लगाम खेचला तरी क्षय, सोडला तरी क्षय. जगातल्या क्षयरोग्यांचा सुमारे चौथा हिस्सा जिथे आहे, त्या आपल्या देशात हे प्रत्येक कर्करोग विभागाच्या भिंतीवर लिहून ठेवायला हवं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. 'प्रतिकारशक्ती वाढवते' एवढंच लिहिलेली बाटली विकू देऊ नये. कुठली शक्ती, कुठल्या रोगावर, कशावरून, हे लिहावं. लिहिता येत नसेल तर सरबत म्हणून विकावं. सरबताला माझी हरकत नाही. बीसीजीचा दावा बघा किती मोजका आहे. ती लहान मुलांना मेंदूच्या क्षयापासून वाचवते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा उपयोग दिसला नाही, हे चेंगलपट्टूच्या चाचणीत आपल्याच देशानं मोजून जगाला सांगितलं. अशी कबुली देणारी लस मी एकतीस वर्षं विश्वासानं टोचली.

मास्तरांची दुर्बीण दर तीन महिन्यांनी होते. परवाची स्वच्छ निघाली. परत येताना एसटीत शेजारच्या बाई काढ्याची कृती सांगू लागल्या. मास्तर नम्रपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "छान आहे, पण हा सोडायचा कुठे?"