दूध सोडलंत, मग बी-१२ चं काय?



आमच्या कॉटन ग्रीनच्या महिला मंडळात हल्ली हा विषय वारंवार निघतो. गोठ्यांतले व्हिडिओ पाहून घरातल्या मुली-सुना दूध, दही, तूप सोडून व्हेगन होतात. वासराच्या वाट्याचं दूध नको, ही भावना मला मनापासून पटते. पण "पालेभाज्या-कडधान्यं खाल्ली की सगळी जीवनसत्त्वं मिळतात" असं म्हणतात, ते मात्र पटत नाही. बी-१२ त्यातून मिळत नाही.

पालेभाज्यांची ताकद किती, हे आपल्या शेजारच्या परळनेच दाखवलं आहे. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांमधल्या जीवघेण्या पंडुरोगाचा तिने हाफकिन संस्थेत अभ्यास केला. यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, दिल्यावर त्या बायका सुधारू लागल्या. हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातला घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला. चातुर्मासात पालेभाज्या बंद असल्या तरी मूग-चण्यातून तो आपल्याला मिळतो.

बी-१२ची गोष्ट वेगळी. ते वेगळं काढलं गेलं १९४८ मध्ये. ते ना झाड बनवतं, ना गाय. बनवतात फक्त जीवाणू. गाईच्या पोटातल्या जीवाणूंकडून ते दुधात उतरतं. म्हणजे जैन घरात त्याची भरवशाची वाट एकच, दूध. तीही बंद केली की उरतं काय? इडली, आंबील, स्पिरुलिना यांच्यावर विसंबू नका. स्पिरुलिनातला बराचसा घटक शरीराला वापरताच येत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका तपासल्या. फोलेट जवळजवळ सगळ्यांचं ठीक होतं, बी-१२ मात्र दोन-तृतीयांश जणींचं कमी होतं. आणि या काही व्हेगन बायका नव्हेत!

यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून "मला काहीच झालं नाही" असं वाटत राहतं. मग पायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त सुधारलेलं दिसतं, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. सर्वांत मोठी काळजी अंगावर पिणाऱ्या बाळाची. आईकडेच नसेल तर बाळाला कुठून मिळणार? अशी बाळं मलूल होतात, हातपाय थरथरतात, शिकलेलं हसणं-बसणंही विसरतात. आपला त्याग आपण निवडलेला असतो, बाळाने नाही.

गरज दिवसाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रामची. रक्त तपासा, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करा. कॅप्सूलच्या कवचात जिलेटिन असू शकतं, म्हणून साधी गोळी मागा आणि घटक वाचा. 'ड' जीवनसत्त्वही तपासा. त्याचं डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात, पण दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलंही मिळतं.

काहीजणी म्हणतात, "गोळी घ्यायची म्हणजे आपला आहार अपुरा ठरला." मला तसं वाटत नाही. बी-१२ची गोळी जीवाणूंपासून बनते, हे खरं. पण श्रावकाच्या अहिंसा अणुव्रतात त्रस जीवांची संकल्पी हिंसा वर्ज्य आहे. एकेंद्रियांच्या बाबतीत जमेल तितका संयम सांगितला आहे. एवढ्याशा गोळीने जर गाईला त्रास न देता जगता येत असेल, तर तीही संयमाचाच भाग आहे.

तुमच्या घरात कुणी दूध सोडलं असेल, विशेषतः गरोदर किंवा बाळंतीण असेल, तर तिच्या व्रताचं कौतुक जरूर करा. आणि याच आठवड्यात तिला तपासणीला घेऊन जा.