वाटी थोडी मोठी, आहार दुप्पट

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा येथून महामार्गाने जाणाऱ्याची दृष्टी तेथील १०५ फूट उंच हनुमानमूर्तीवर खिळल्यावाचून राहत नाही. तंतोतंत त्याच घडणीची, एक फूट उंचीची मूर्ती आपल्या देवघरात आहे, अशी कल्पना करावी. मोठी मूर्ती तिच्या १०५ पट उंच. पण तिला रंग मात्र १०५ गुणिले १०५, म्हणजे ११,०२५ पट लागेल. आणि तिने व्यापलेली जागा १०५ चा घन, म्हणजे तब्बल ११,५७,६२५ पट भरेल. लांबी, रुंदी आणि उंची एकाच प्रमाणात वाढली, की घनफळ त्या प्रमाणाच्या घनाने वाढते, असा समरूप घनाकृतींचा नियम आहे.

आरोग्याच्या पाक्षिकात मूर्तीचे गणित कशासाठी, असे वाचकांना वाटेल. हेच गणित आपल्या स्वयंपाकघरात रोज घडते, आणि तेथे ते नजरेस येत नाही, म्हणून.

अनेक घरांतील वृद्ध मातापिता काही महिने गावी, तर काही महिने शहरातील मुलाकडे राहतात. औषधांची पिशवी सोबत जाते, आहाराचा कागदही जातो. वाटी मात्र गावीच राहते. कागदावर ‘दुपारी एक वाटी भात’ असे असते. गावच्या वाटीचे तोंड आठ सेंटीमीटरचे आणि तिच्यात १५० मिलिलिटर मावते, असे धरू. मुलाकडची वाटी त्याच घडणीची, पण दहा सेंटीमीटर तोंडाची. फरक सव्वापटीचा; सव्वाचा घन मात्र १.९५, म्हणजे भात जवळजवळ दुप्पट! सूनबाई कागद निष्ठेने पाळत असतात आणि रक्तातील साखर वाढली की संशय आजोबांच्या खिशातील पेढ्यावर जातो.

हृदयविकाराच्या वा मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना डॉक्टरांनी दिवसभराच्या पाण्याची मर्यादा घालून दिलेली असते. २०० मिलिलिटरचे पाच पेले म्हणजे एक लिटर. पेला सर्व बाजूंनी केवळ एक पंचमांशाने मोठा असला, तर पाच पेल्यांत सुमारे पावणेदोन लिटर पाणी पोटात जाते. पायांवर सूज का आली, हे मग कोणालाच उमगत नाही. पातळ औषधाचेही तसेच. पाच मिलिलिटरच्या चमच्याऐवजी सव्वापट मोठा चमचा घेतल्यास मात्रा दहाच्या जवळ पोहोचते. म्हणून बाटलीसोबत आलेले मापाचे झाकण टाकून देऊ नये.

हा नियम उलट दिशेनेही उपयोगी पडतो. पाच सेंटीमीटर व्यासाचा लाडू चारचा वळला, की ऐवज निम्मा होतो. पण ताटात तो लाडूच दिसतो, खाणाऱ्याला वंचित केल्यासारखे वाटत नाही. (जुन्या पिढीला अधोली आणि पायली आठवत असतील. पायलीत दोन अधोल्या मावतात. पण दोन्ही एकाच घडणीच्या असल्यास पायली उंचीला जेमतेम सव्वापट भरते.) मात्र इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना आहार एकाएकी निम्मा करू नये, साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. आधी डॉक्टरांशी बोलावे.

भांड्यांची घडणच निराळी असेल, एक उथळ नि दुसरे खोल, तर घनाचा हा हिशेब लागू पडत नाही. तेथे मोजणे हाच मार्ग. औषधाच्या झाकणाने पाणी ओतत वाटी भरावी आणि किती झाकणे लागली ते मोजावे. घरी वजनकाटा असेल तर काम अधिकच सोपे, कारण एक मिलिलिटर पाण्याचे वजन एक ग्रॅम असते. आलेला आकडा आहाराच्या कागदावर ‘एक वाटी’च्या पुढे लिहून ठेवावा. त्याहून सोपा उपाय म्हणजे, पुढच्या खेपेस ती वाटीच औषधांच्या पिशवीत घालावी.