आधी छिद्र, मग रंग

शिर्डीच्या समाधिमंदिराच्या जागी पूर्वी साईबाबांनी राहात्याहून रोपे आणून जाई, जुई व झेंडू लावले होते. वामनतात्या त्यांना रोज दोन कच्चे घडे देत आणि ते रोजच फुटत, असे श्रीसाईसच्चरितात सांगितले आहे. कच्च्या घड्याची माती मातीत मिसळते. भाजलेले खापर मात्र वर्षानुवर्षे तसेच राहते. ते उकिरड्यावर का टाकावे? कुंडीच्या छिद्रावर ठेवल्यास ते माती अडवते आणि जादा पाणी वाहू देते. गळका डबा, फुटकी बादली यांतही झेंडू सुखाने फुलतो. पण पुष्कळ लोक डब्यावर वेलबुट्टी रंगवतात आणि तळाशी छिद्र पाडावयाचे विसरतात! पाणी साचून मुळे कुजल्यावर त्या वेलबुट्टीचे कौतुक कोणी करावे?