पायवाटेवर पावती, लाकूडतोडीला खैरात

सार्वजनिक वनांचा मालक कोण, हा प्रश्न कायद्याने केव्हाच सुटलेला असतो. अंदाजपत्रकात मात्र तो दरवर्षी नव्याने सोडविला जातो. अमेरिकेतील राष्ट्रीय वनांचा जमाखर्च या दृष्टीने बोधप्रद आहे.

तेथील संघीय वनखात्याकडे सुमारे १९ कोटी ३० लाख एकर भूमी आहे आणि ती जनतेच्या मालकीची आहे. १९९६ साली या वनांत फिरणाऱ्यांकडून प्रायोगिक शुल्क घेण्यास संसदेने मुभा दिली. २००४ साली एका अवाढव्य खर्चविधेयकाच्या शेपटाला बांधून स्वतंत्र शुल्क-कायदा संमत झाला. वॉशिंग्टन व ओरेगन राज्यांत अनेक पायवाटांच्या तोंडाशी मोटार उभी करावयाची, तर वर्षानुवर्षे दिवसाला ५ किंवा वर्षाला ३० डॉलर मोजावे लागत. जो वापरील त्याने दाम द्यावा, हे त्याचे समर्थन.

हे तत्त्व सर्वस्वी त्याज्य नाही. स्वच्छतागृहाचा वा तंबूच्या जागेचा खर्च वापरणाऱ्याने उचलावा, हे समजू शकते. परंतु नुसते मोटार लावून चालणाऱ्याकडून शुल्क घेऊ नये, असे २००४ चा कायदाच सांगतो. तरीही खाते ते घेत राहिले. शेवटी २०१२ साली, अ‍ॅरिझोनातील माउंट लेमनच्या खटल्यात, अपील न्यायालयाला खात्यास त्याच्याच कायद्याची आठवण करून द्यावी लागली.

आता दुसरी बाजू पाहू. अलास्कातील टाँगस वनासाठी १९८० च्या कायद्याने दर दशकास ४५० कोटी बोर्डफूट लाकूड पुरविण्याचे उद्दिष्ट ठरविले आणि त्यासाठी वर्षाला किमान ४ कोटी डॉलरची तरतूद, वार्षिक मंजुरीची अटही न घालता, करून ठेवली. ही तरतूद १९९० साली रद्द झाली. अन्य वनांतही, लाकूड वाहून नेण्यासाठी कंपन्यांनी बांधलेल्या रस्त्यांचा खर्च लाकडाच्या किमतीतून वळता करून देण्याची पद्धत १९९८ पर्यंत चालू होती. लाकूडविक्रीवर वनखात्याचा वर्षाला नेमका किती खर्च होतो, हे ठरविताच येत नाही, असा निर्वाळा २००१ साली संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने दिला. पाच डॉलरची पावती फाडणाऱ्या खात्याला कोट्यवधींचा हिशेब मात्र मांडता आला नाही!

कामगारांच्या रोजगारासाठी हे सारे करावे लागते, असा युक्तिवाद होतो. कामगारांच्या पक्षाने तो गंभीरपणे तपासला पाहिजे. टाँगसच्या लाकडावर चालणारे दोन लगदा-कारखाने पन्नास वर्षांचे करार पदरात असूनही बंद पडले: सिटका येथील १९९३ साली, केचिकन येथील १९९७ साली. सवलत भांडवलाला मिळाली. बेकारी कामगाराच्या वाट्याला आली.

आपल्याकडेही हा न्याय अपरिचित नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात दांडेलीच्या कागद गिरणीला सरकारी जंगलातील बांबू टनाला दीड रुपया दराने मिळे, आणि टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला मात्र तोच बांबू बाजारभावाने घ्यावा लागे, हे माधव गाडगीळ यांनी नोंदवून ठेवले आहे.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकी अध्यक्षांनी संघीय भूमीवरील लाकूड-उत्पादन वाढविण्याचा आदेश काढला. अशा वेळी मागणी एकच असावयास हवी: दाम मोजण्याचे तत्त्व पाळावयाचे असेल, तर त्याचा प्रारंभ करवतीपासून व्हावा. उत्पादनखर्चाहून कमी भावाने एकही ओंडका विकला जाऊ नये. पायवाटांची निगा सार्वजनिक तिजोरीतून व्हावी. मालकाने स्वतःच्या अंगणात येण्यासाठी तिकीट काढावे आणि लाकूड नेणाऱ्याने वर बक्षिसी घ्यावी, या व्यवस्थेला अर्थशास्त्र म्हणत नाहीत.