बोर्डावर ‘ऑरगॅनिक’, पोत्यावर काय?

महाडच्या बाजारपेठेतल्या आणि पोलादपुरात हायवेला लागून असलेल्या बऱ्याच दुकानांच्या पाट्यांचं मॅटर माझ्या हाताखालून जातं. पूर्वी पत्र्यावर ऑइलपेंटने लिहायचो, आता फ्लेक्स आणि एलईडी बोर्ड करतो. कोणत्या शब्दाला भाव आलाय, हे त्यामुळे मला लवकर कळतं. जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीने पेठ बुडवली, तेव्हा मालाबरोबर पाट्याही गेल्या. नव्या पाट्या करून घेताना अनेकांनी जुन्या नावाखाली एक ओळ वाढवून घेतली. ‘किराणा व भुसार’चं ‘मार्ट’ झालं, पिठाच्या गिरणीवर ‘नॅचरल’ चढलं, चहाच्या टपरीचं ‘अमृततुल्य’ झालं.

यातल्या मार्ट आणि अमृततुल्यबद्दल माझं काही म्हणणं नाही. चहा पाणचट निघाला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येत नाही, हिशेब तिथेच मिटतो. तक्रार आहे ती चव घेऊनही ज्यांची खात्री पटत नाही, अशा शब्दांबद्दल. ऑरगॅनिक, ए-टू, केमिकल फ्री.

ऑरगॅनिक हा शब्द कुणीही उचलून पाकिटावर चिकटवावा, असा नाही. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे त्यासाठी २०१७ चे नियम आहेत, मालाला प्रमाणपत्र लागतं आणि पाकिटावर ‘जैविक भारत’चं चिन्ह. लहान शेतकरी स्वतःचा माल थेट खाणाऱ्याला विकत असेल आणि वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल, तर त्याला प्रमाणपत्रातून सूट आहे. मधल्या दुकानदाराला ती नाही. तरी ‘ऑरगॅनिक तांदूळ’ लिहून द्या म्हणणाऱ्याला मी प्रमाणपत्राचं विचारतो, तेव्हा उत्तर ठरलेलं: “अहो, सर्टिफिकेट कसलं? आपल्या इकडच्या गावचाच माल आहे.” मग त्या गावाचंच नाव लिहा की! ते मात्र नको असतं.

तुपाच्या बरणीवरच्या ‘ए-टू’ची गंमत तर सरकारनेच केली. २१ ऑगस्ट २०२४ ला याच प्राधिकरणाने ए-वन, ए-टू असे दुधातल्या प्रथिनाच्या प्रकाराचे दावे काढून टाका म्हणून सांगितलं आणि पाच दिवसांत ते पत्र मागे घेतलं. दिल्लीला ज्याचा निकाल लावता आला नाही, तो दावा बरणी उलटीसुलटी करून गिऱ्हाईकाने कसा तपासायचा? अंड्यांचंही तेच. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, तांबूस अंडी पोल्ट्रीतही होतात. आपल्याकडे त्यांना गावठी म्हणून विचारतात, पण बोर्डावर हल्ली ‘गावरान’ लागतं. घाटावरचा शब्द कोकणात जास्त खपतो, त्याला मी काय करणार!

सगळ्यात वाईट वाटतं ते नाचणीचं. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर वरकस जमिनीत नाचणी, वरी पिढ्यान्‌पिढ्या होतेय. २०२३ हे जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, त्या वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यांना ‘श्री अन्न’ म्हटलं गेलं, आणि दुकानांत ‘मिलेट’ची चकचकीत पाकिटं आली. कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात भरलेली. वाडीवरून पिशवीत नाचणी घेऊन आलेली मावशी त्याच दुकानासमोर फुटपाथवर बसते आणि लोक तिच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतात. आंब्याच्या दिवसांत हायवेवर बघा, जिकडेतिकडे ‘देवगड हापूस’. २०१८ ला हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्गाबरोबर रायगडही आहे. म्हणजे इथला आंबा इथल्या नावाने विकायची सोय कायद्यानेच करून ठेवलीय.

दुकानदारांची बाजू मला कळते. महाबळेश्वरला निघालेली गाडी आंबेनळी घाटाला लागण्याआधी पोलादपुरात थांबली तर थांबली, त्यासाठी बोर्ड वाचायला चार सेकंद मिळतात. मोबाइलवर सगळं घरपोच येण्याच्या दिवसांत नुसत्या ‘किराणा’ शब्दाने कुणी ब्रेक दाबत नाही. पाटीवर लक्ष ठेवणारा कायदाही आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही मराठी देवनागरीतली पाटी सक्तीची झाली, दीड वर्षाने सर्वोच्च न्यायालयानेही दोन महिन्यांत पाट्या बदला म्हणून सांगितलं. पण ‘ऑरगॅनिक मार्ट’ ठसठशीत देवनागरीत लिहिलं की तो कायदा खूश. अक्षरं कोणती ते तो बघतो, खरं-खोटं बघत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पाकिटावर गाव, पिकवणारा नाहीतर बचतगट, आणि दळल्या-भरडल्याची तारीख लिहा. तांदूळ रत्ना आहे की जया, तेही लिहा. छपाईला तेवढीच जागा आणि तेवढेच पैसे लागतात. वाल कुठले, हे गिऱ्हाईकाला तालुक्याच्या गावात दोन फोन करून कळू शकतं, ‘केमिकल फ्री’चा पत्ता कुणाला विचारणार?

हे मी एका दुकानदाराला सुचवलं, तर तो म्हणाला, “आमच्या वाडीचं नाव वाचून मुंबईचा माणूस थांबेल होय?” वाडीचं नाही ओळखणार कदाचित. पण तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ याच पोलादपूर तालुक्यात आहे आणि जिजाऊंची समाधी असलेलं पाचाड महाड तालुक्यात. ही नावं शाळेत न ऐकलेला मराठी माणूस मिळणं कठीण. ‘उमरठची नाचणी’ असा बोर्ड मी आनंदाने करून देईन, फक्त नाचणी उमरठची असली पाहिजे.