शिरपामाळ आणि मानेवरची शीर

लाँग वीकेंडला जव्हारजवळच्या शिरपामाळला जाऊन आलो. १६६४च्या सुरत स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या विक्रमशहांनी त्यांना शिरपेच दिला, असं सांगतात. आणि आम्ही? रात्री मुक्कामी तीन पत्ती!

एका मित्राला भारी पानं आली की त्याच्या मानेवरची शीर उडते. मी लगेच पॅक! नाही उडाली की चाल वाढवतो.

"स्किल आहे रे!" म्हणे. मान्य. माइक कॅरोने १९८४ साली पोकरमधल्या अशा खुणांवर पुस्तकच लिहिलं. अनोळखी माणसासमोर खुशाल वापरा, तोही तुम्हाला तसाच न्याहाळतोय. पण ही शीर मला पत्त्यांत नाही, त्याच्या वडिलांच्या ऑपरेशनच्या रात्री कळली. मैत्रीत कळलेलं डावात वटवणं ही चोरीच.

जिंकलेले साडेसातशे परत केले. तुम्ही केले असते?